खोक्यावरचे चार जीबी

भाच्याचा फोन आला. "मामा, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड मिळालं! पाच हजार आठशे!"

अकरावीतला मुलगा. तीन वर्षांत साठवलेले सहा हजार रुपये. वाढदिवसाची पाकिटं, रद्दीचे पैसे, निकालाच्या दिवशी आजीने मुठीत कोंबलेली नोट. त्यातले पाच हजार आठशे त्याने खोक्यावरच्या एका आकड्यापायी मोजले. दुकानदाराने त्याच आकड्यावर बोट ठेवलं, मुलाने तोच वाचला.

रविवारी डोंबिवलीला बहिणीकडे गेलो. जीटीए फाइव्ह सुरू होता. गाडी चौकात वळली की चित्र थिजायचं आणि मग एकदम पुढे उडी मारायचं. "सगळं लो सेटिंगवर आणलं, तरी अडकतंय," भाचा म्हणाला. मी जीपीयू-झेड उतरवून घेतलं. हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर कार्डाची कुंडली मांडून दाखवतं. नाव, जीफोर्स जीटी ७३०. मेमरी डीडीआर३. बस ६४ बिट. मेमरीचा वेग, सेकंदाला १४.४ जीबी.

त्याचं मशीन म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश करून विकलेला डेस्कटॉप. सहाव्या पिढीचा आय५-६५०० प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एकच स्टिक, डीडीआर४, २१३३ वेगाची. त्या एका स्टिकचा वेग सेकंदाला १७ जीबी. म्हणजे मुलाने तीन वर्षांची बचत देऊन घेतलेल्या कार्डाची मेमरी मदरबोर्डवर आधीच बसलेल्या रॅमपेक्षा हळू. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ती रॅम बाकीच्या कामांशी वाटून घेतं, म्हणून कार्ड थोडं पुढे राहतं हे मान्य. पण थोडंच. पाच हजार आठशे रुपयांचं तर नक्कीच नाही.

मला राग आला, आणि तो या सदरात आला पाहिजे असं वाटलं. कारण हा एका मुलाचा प्रश्न नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, दिल्लीच्या नेहरू प्लेसला जा, बंगळुरूच्या एस. पी. रोडला जा. काउंटरवर प्रश्न एकच ऐकू येतो, "किती जीबीचं हवं?" चुकीचा प्रश्न आहे. आणि त्या चुकीच्या प्रश्नावर हजारो कार्डं विकली जातात.

जीबी म्हणजे गच्चीवरची टाकी. टाकी कितीही मोठी असो, खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला करंगळीएवढीच धार येणार. ग्राफिक्स कार्डात तो पाइप दोन गोष्टींनी ठरतो. मेमरी कोणत्या जातीची आहे आणि बस किती बिटांची आहे. डीडीआर३ आणि ६४ बिट असेल तर पाइप बारीक. जीडीडीआर५ किंवा जीडीडीआर६ आणि १२८ बिट असेल तर पाइप बरा. इतक्या बारीक पाइपवर चार जीबी बसवणं म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला बसवलेली टाकी. ती भरून वापरायची वेळ येण्याआधीच कार्ड धापा टाकतं.

जीटीए फाइव्हचंच बघा. हा खेळ संगणकावर आला २०१५ साली. बनवणाऱ्यांनी शिफारस केली होती जीटीएक्स ६६०ची. ते २०१२चं कार्ड आणि मेमरी फक्त दोन जीबी. पण तिचा वेग सेकंदाला १४४ जीबी. भाच्याच्या चार जीबीवाल्या कार्डाच्या बरोबर दहापट. दोन जीबीचं जुनं कार्ड चार जीबीच्या "नव्या"ला दहा पावलं मागे टाकतं, आणि हा आकडा दुकानातल्या एकाही खोक्याच्या दर्शनी बाजूला छापलेला नसतो.

दुकानदाराकडे एक उत्तर तयार असतं. "व्हॅलोरंटच्या यादीत जीटी ७३०च लिहिलंय!" लिहिलंय, खरं आहे. खेळ २०२० साली आला तेव्हा साठ फ्रेमसाठी हेच कार्ड सुचवलं होतं. पण त्याच यादीत किमान गरज म्हणून इंटेल एचडी ४००० आहे, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. भाच्याच्या मशीनमधलं एचडी ५३० त्याहून पुष्कळ पुढचं. तेव्हा व्हॅलोरंटपुरतं बोलायचं तर त्याचं मशीन कार्ड घेण्याआधीही पात्रच होतं. आणि कोणतं जीटी ७३०, हे यादी सांगत नाही. २०१४ साली हे नाव तीन वेगवेगळ्या कार्डांना दिलं गेलं. एकात ९६ कोअर, दोघांत ३८४. त्या दोघांपैकी एकाला डीडीआर३ आणि दुसऱ्याला जीडीडीआर५, ज्याचा वेग सेकंदाला ४० जीबी. तीन वेगळ्या वस्तू, एक नाव.

इथे दोष गल्लीतल्या दुकानदारावर ढकलून मोकळं होता येणार नाही. ही सवय कंपन्यांची आहे. एनव्हिडियाचं जीटी १०३० २०१७ साली आलं. जीडीडीआर५, वेग ४८ जीबी. लहान खेळांसाठी प्रामाणिक कार्ड. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ची आवृत्ती आली, वेग १६.८. नाव तेच, कामगिरी जवळपास निम्मी. एएमडीही स्वच्छ नाही. आरएक्स ५६०मध्ये आधी १०२४ कोअर होते, नंतर त्याच नावाखाली ८९६वालंही विकलं गेलं. २०१८ साली चिनी बाजारासाठी "आरएक्स ५८० २०४८एसपी" काढलं. ते आतून आरएक्स ५७०च. खऱ्या ५८०मध्ये २३०४ कोअर असतात. ही २०४८वाली कार्डं आपल्याकडे आजही ऑनलाइन विकली जातात आणि जाहिरातीत २०४८ हा आकडा बारीक असतो. आरटीएक्स ३०५०चंही तेच. आठ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिट, २०२४ साली आलेल्या सहा जीबीच्यात २३०४ आणि ९६ बिट. फरक फक्त दोन जीबीचा आहे असं कुणालाही वाटेल. तसं वाटावं अशीच नावं ठेवलेली आहेत.

खाण्याच्या तेलात असं केलं असतं तर त्याला भेसळ म्हटलं असतं.

आता पैसे कमी असणाऱ्याने काय करायचं?

आधी कार्ड विकत घेऊ नका. मुलाला विचारा, कोणते खेळ? नावं कागदावर लिहून घ्या. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, डोटा, रॉकेट लीग अशी यादी निघाली तर तुमच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स काय करू शकतं ते आधी तपासा. बहुतेक घरांत रॅमची एकच स्टिक असते. तशीच दुसरी लावली की रॅमचा पाइप दुप्पट होतो, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच पाइपवर जगतं. मी माझ्याकडची जुनी आठ जीबीची स्टिक भाच्याच्या मशीनला लावली, ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि व्हॅलोरंट ७२०पीवर लावला. खेळ सरळ चालला. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला आनंद झाला नाही. पैसे कुठे गेले ते कळलं. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा नवी घेण्याऐवजी ओळखीत कुणाकडे त्याच जातीची, त्याच वेगाची पडलेली स्टिक आहे का ते आधी विचारा.

दुसरा फुकटचा उपाय स्क्रीनवरच आहे. १९२० बाय १०८०च्या चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके, १३६६ बाय ७६८मध्ये सुमारे १०.५ लाख. रिझोल्यूशन उतरवलं की ग्राफिक्सचं काम जवळपास निम्म्यावर येतं. चित्र थोडं मऊ दिसतं, पण खेळ हलतो. सावल्यांची सेटिंग सगळ्यात आधी खाली आणा, बहुतेक खेळांत त्या बरंच खातात.

नवीन मशीनच जोडायचं असेल तर कार्डाचा विचार बाजूला ठेवा आणि चांगलं ग्राफिक्स आत असलेला प्रोसेसर घ्या. रायझन ३ ३२००जी किंवा रायझन ५ ५६००जी. जुना ३२००जीदेखील जीटी ७३०ला सहज मागे टाकतो. दोन स्टिक लावायला मात्र विसरू नका. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच. स्वस्त पडतो म्हणून तो घेतला तर कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीही दिसणार नाही.

एवढं करूनही कार्ड लागणार असेल तर आधी कॅबिनेट उघडा. एसएमपीएसवरचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा. कॅबिनेटबरोबर आलेल्या हलक्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. वजन हातात घेऊन बघा. चांगला एसएमपीएस जड लागतो. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. तेवढ्यात भागणाऱ्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही. तुमचा एसएमपीएस साधा असेल, किंवा ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपसारखा २४० वॅटचा असेल, तर ७५ वॅटची रेघ ओलांडू नका. दुकानात दहा-वीस रुपयांचा कन्व्हर्टर देतात, हार्ड डिस्कच्या वायरीतून कार्डाला वीज द्यायला. तो घरी आणू नका. वायर वितळलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

डेस्कटॉप बारीक, आडवा असेल तर कार्ड लो प्रोफाइल लागेल. पट्टीने मोजा.

आता नावं. जीटी ७१० आणि जीटी ७३० खेळण्यासाठी घेऊ नका. नवं नको, जुनंही नको. ७१० आणि ३८४ कोअरवाल्या ७३०साठी एनव्हिडियाने २०२१ सालीच नव्या खेळांचे ड्रायव्हर बंद केले. तरी ती नव्या खोक्यात, नव्या सीलमध्ये विकायला आहेत. दुसरा मॉनिटर जोडायचा असेल, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसेल आणि काम ऑफिसचं असेल, तर ही कार्डं ठीक. खेळायला नाही. जीटी १०३० जीडीडीआर५वालं असेल, सेकंडहँड असेल आणि फार स्वस्त असेल तरच.

खरा शोध घ्यायचा तो सेकंडहँड जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५०चा. पहिलं २०१६चं, दुसरं २०१९चं. दोन्ही चार जीबी, दोन्ही ७५ वॅट, अनेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. १०५० टीआयचा मेमरी वेग ११२ जीबी, मूळ १६५०चा १२८. परवडत असेल तर १६५०च घ्या, कारण १०५० टीआयच्या पिढीला ऑक्टोबर २०२५पासून नव्या खेळांसाठी ड्रायव्हर मिळणं थांबलं आहे. सुरक्षेचे तेवढे २०२८पर्यंत येतील. जुने खेळ खेळणाऱ्याचं त्याने काही अडणार नाही.

एसएमपीएस खरोखर चांगला असेल तर आरएक्स ५७० बघा. २२४ जीबीचा वेग आणि सेकंडहँड बाजारात फारसं महाग नाही. पण ते १५० वॅट खातं.

आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी नवी मिळतात, दिसायला आकर्षक आहेत. पण मदरबोर्डशी बोलायला त्यांना चारच लेन दिलेल्या आहेत. जुन्या, पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर ती मार खातात, आणि तंगीत कार्ड शोधणाऱ्याकडे नेमका तोच स्लॉट असतो. इंटेलच्या आर्क ए३८०ला रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) हवा. तो जुन्या मदरबोर्डवर नसतो. घेऊ नका. नवंच आणि वॉरंटीवालंच हवं असेल तर आरटीएक्स ३०५०चं सहा जीबी मॉडेल ७० वॅटमध्ये चालतं, मात्र त्याला सहा हजार पुरत नाहीत. थांबा, साठवा.

सेकंडहँड म्हटलं की आईवडील घाबरतात. भीती अर्धी खरी आहे. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी नाण्याची पद्धत बदलली, कार्डांवर ते नाणं खणणं बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यांतली बरीच आजही नीट चालतात. पंखे आणि आतली पेस्ट तेवढी थकलेली असते. अधिक वाईट प्रकार बनावट कार्डांचा. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या म्हाताऱ्या कार्डाची नोंद बदलून ते १०५० टीआय म्हणून विकतात. म्हणून विकणाऱ्याच्या घरी जा, कार्ड मशीनमध्ये बसलेलं असतानाच बघा. जीपीयू-झेड लावा. २०१८पासून ते अशा नकली कार्डांवर स्पष्ट शिक्का मारतं. मग वीस मिनिटं जड खेळ किंवा युनिजिन हेवन हे चाचणीचं सॉफ्टवेअर चालवा. पडद्यावर ठिपके, रेघा, चमकणारे त्रिकोण दिसले तर उठा. पंखा खरखरला तर भाव कमी करा. सिरियल नंबर घ्या आणि वॉरंटी उरली आहे का ते कंपनीला विचारा. "कार्ड काढून ठेवलंय, घेऊन जा, चालतंय" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. कितीही स्वस्त असो.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगतो. दुकानदाराने कार्ड परत घेतलं नाही. "खोललेला माल आहे," म्हणाला. बिल मागितलं तर पिवळ्या चिठोऱ्यावर "ग्राफिक कार्ड ४ जीबी, ५८००" एवढंच. विकताना त्याने मुलाला सांगितलं होतं, पक्कं बिल हवं तर अठरा टक्के जास्त पडतील. सोळा वर्षांचा मुलगा एक हजार रुपये वाचवायचे म्हणून चिठोरं घेऊन आला.

मी बहिणीला विचारलं, फ्रिज घेताना तू कधी असं चिठोरं घेतलं असतंस का? ती म्हणाली, "अरे, गेमचं काहीतरी होतं, आम्हाला त्यातलं काय कळतंय." इथेच नुकसान झालं. फ्रिजला सगळं घर दुकानात जातं. गॅस शेगडीला आई जाते, बर्नर फिरवून बघते. मुलाच्या कार्डाला मुलगा एकटा जातो, कारण घरात ती खरेदी खरेदी मानलीच जात नाही. दुकानदाराला हे ठाऊक असतं. एकटा मुलगा, खिशात रोख, घरी कुणी विचारणार नाही. गेमला तुम्ही वाया गेलेला वेळ म्हणा हवं तर, पण ते सहा हजार रुपये त्याचे आहेत, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्याने इतके पैसे स्वतः साठवून खर्च केले. त्या खरेदीत त्याच्या शेजारी एक मोठं माणूस उभं असायला हवं होतं. मी डोंबिवलीपासून पाऊण तासावर राहतो. मलाही विचारता आलं असतं, मलाही जाता आलं असतं.

ते ७३० शेवटी अडीच हजारांना गेलं. एका अकाउंट्सच्या ऑफिसला दुसरा मॉनिटर जोडायचा होता. घेणाऱ्याला आम्ही ते काय आहे आणि काय नाही ते सगळं सांगून दिलं. उरलेल्या पैशांत मी भर घातली आणि कल्याणच्या एका कॉलेजच्या मुलाकडून १०५० टीआय घेतलं. त्याच्या घरी पंचवीस मिनिटं चालवून, चहा पिऊन. त्याच २४० वॅटच्या डेस्कटॉपमध्ये ते बसलं. जीटीए फाइव्ह आता १०८०पीवर साठ फ्रेमच्या आसपास चालतो. गाडी चौकात वळते आणि चित्र थिजत नाही. या कार्डावरही चारच जीबी आहेत.

पक्कं बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण तिथपर्यंत जायची वेळच येऊ देऊ नका. मुलाबरोबर दुकानात जा. बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, मेमरीची जात आणि बस किती बिटांची, या तीन गोष्टी लिहून मागा. लिहून देत नसेल तर पैसे खिशातच ठेवा आणि शेजारच्या दुकानात चला.